भाजक्या तांदळाचा चहा

कार्डिफ,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

चि. आश्लेषा हीस,

पुढे आशीर्वाद लिहायचे की नुसता नमस्कार, हे ठरेना, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली आहे. पत्र संपेपर्यंत ठरलं तर भरीन.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढते. मागच्या झाडाला यंदा सफरचंदं इतकी लागली की अर्ध्या गल्लीला वाटून दमले आणि उरलेल्यांचा मोरांबा घातला. शेजारच्या जपानी हारुकोबाई नव्वदीच्या झाल्या. कानाने काही ऐकू येत नाही, नाक मात्र शाबूत आहे. मी कढई तापवली की भिंतीवर ठोकतात.

तुझा पुडा मंगळवारी पोचला. सोबतचं कार्डही. पुडा देखणा झाला आहे, यात शंका नाही. गर्द हिरवा रंग, मध्ये 'माईज टोस्टेड राइस टी', आणि वर सगळीकडून फिरलेली ती सोनेरी अक्षरांची किनार. डिझायनर हुशार आहे हो. इतक्या बारीक ठिपक्यांची अक्षरं, पण एक वेलांटी सुटलेली नाही.

हे पत्र मराठीत का, असं तुला वाटेल. तुला देवनागरी वाचता येत नाही, हे मी विसरलेले नाही. तीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत मी इंग्रजीच लिहीत होते, तेव्हा मला ते जड गेलं असतं असंही नाही. पण इंग्रजीत लिहिलं असतं तर तू एकटीनेच वाचलं असतंस. फोनसमोर धरून बघू नकोस. माझं अक्षर डॉक्टरच्या बायकोचं आहे, यंत्राला लागायचं नाही. म्हणजे तुला हे नवऱ्यापुढेच धरावं लागेल, आणि मला तेच हवं आहे.

अपूर्व, खुर्ची ओढून बस आणि मोठ्याने वाच. मधलं काही गाळू नकोस. तू गाळतोस तेव्हा तुझा आवाज बारीक होतो, हे तू बावीस वर्षांचा असताना, आमच्याकडे राहायला आलास तेव्हापासून मला ठाऊक आहे. नापास झालेल्या पेपरची पत्रं तू दादाला अशीच वाचून दाखवायचास.

तर आश्लेषा, तुझी माई.

पुड्यावर लिहिलं आहेस की तुझी कोकणातली आजी चुलीवर तांदूळ भाजून चहात घालायची. तुझी आजी नागपूरची. कोकण तिने बहुधा कॅलेंडरवरच पाहिलं असेल. तुमच्या लग्नात तुझ्या आईने मला हसत हसत सांगितलं होतं, की चहात दूध कमी पडलं म्हणून आजींनी सुनेशी चार दिवस अबोला धरला होता. अशी बाई बिनदुधाचा हिरवा चहा पिईल? आणि तोही तांदूळ घातलेला? आई आज हयात असती तर तिनेच तुझा कान धरला असता.

अपूर्वला सगळं माहीत आहे, पण त्याच्या तोंडून तू ते पुन्हा एकदा ऐक.

अपूर्वच्या दादाची, शशीची केमो सुरू झाली आणि दुधाच्या चहाच्या वासानेसुद्धा त्याला उलटी व्हायला लागली. ज्या माणसाने ऑपरेशन थिएटरबाहेर उभ्याउभ्या दिवसाला सात कप चहा रिचवला, तो चहाचं पातेलं दिसलं की तोंड फिरवायचा. तेव्हा हारुकोबाई बिनकानाचा निळा कप घेऊन आल्या. त्यांच्याकडचा चहा. हिरवी पत्ती आणि भाजलेले तांदूळ. गरिबाघरी पत्ती पुरवायला तांदूळ घालायचे, असं त्यांची आई सांगायची म्हणे. त्यांनीच मला शिकवलं. तांदूळ रात्रभर भिजवायचे, वाफवायचे, फडक्यावर पसरून खडखडीत वाळवायचे आणि मग कोरड्या कढईत मंद आचेवर, हात न थांबवता भाजायचे. काही दाणे फुलतात, पांढरे होतात. आणि पाणी उकळतं ओतायचं नाही. उकळतं पाणी पडलं की पत्ती रागावते, असं त्या म्हणायच्या.

एकदा त्यांचे तांदूळ संपले होते. घरात आंबेमोहर होता, तो घेतला. भाजायला लागले आणि सगळ्या घरभर वास सुटला. वरून शशीने हाक मारली, "सुप्रभा, भाजणी चाललीय काय?" आठ दिवसांत त्याने स्वतःहून मारलेली ती पहिली हाक. मी म्हटलं, "नाही, चहा." तर म्हणाला, "मग आण की!" अख्खा कप प्याला. तळाशी फुगलेले दाणे राहिले होते, ते चमचा मागून खाल्ले. त्यानंतर पाच महिने त्याच्या पोटात आनंदाने काही गेलं असेल तर ते एवढंच.

तू शनिवार-रविवारी यायचीस तेव्हा ओट्याशी उभी राहून फोनवर टिपून घ्यायचीस. "वहिनी, हे किती मिनिट भाजायचा? कलर कसा झाला पाहिजे?" आपल्यात बायका कृती सांगताना एखादा जिन्नस हातचा राखतात. माझी सासू अनारशांची कृती सांगताना नेहमी राखायची. मी काही राखलं नाही. नवरा मरणाच्या दारात असताना तांदळाचं गुपित कोण सांभाळत बसणार? आणि मला वाटलं, ही पोरगी शिकते आहे ती शशीसाठी, मी दमले तर तिला करून देता यावा म्हणून.

शशीला जाऊन वर्ष व्हायच्या आत तू तो खाकी पिशव्यांत भरून विकायला काढलास. वर्षश्राद्धाला मी वाट बघत होते. अपूर्व ऑफिसच्या कामाला सिंगापूरला, आणि तू बर्मिंगहॅमला, चहाच्या प्रदर्शनात. मी अपूर्वला फोन केला होता. आठवतं, अपूर्व? तू म्हणालास, "वहिनी, माईची स्टोरी म्हणजे मार्केटिंग असतं हो. दादालासुद्धा आवडलं असतं." दादाला काय आवडलं असतं ते आता तू मला सांगणार. मी फोन ठेवला आणि त्यानंतर तोंड मिटून बसले. लोकांना वाटलं, वहिनी समजूतदार.

मी समजूतदार नाही. मी वाट बघत होते.

आता डब्याकडे येते. जूनमध्ये यायच्या आधी तू फोनवर म्हणालीस, "वहिनी, तुमच्याकडे जुना डब्बा आहे का? ऑथेंटिक दिसणारा? फोटोसाठी. माझ्याकडे सगळे काचेचे जार आहे." आलीस तेव्हा मी फळीवरचा पितळी डबा काढून दिला. तू विचारलंस, जुना आहे ना? मी म्हटलं, आमच्या घरचा आहे.

पहिल्यांदा लिहिणार होते की हाताला लागला तो दिला. तसं नाही. बघून, निवडून दिला. तू यायच्या आदल्या दिवशी चिंच लावून बाकीची सगळी पितळ घासली होती. तो एक डबा तसाच काळपट ठेवला, जुना दिसावा म्हणून.

पुढे जुलैत तुझा फोन. "वहिनी, त्या डब्ब्यावर काहीतरी कोरलेला आहे. डिझायनरला ती रायटिंग खूप आवडला. पॅकवर बॉर्डर म्हणून घेऊ का? फोनला विचारलं तर त्याला डॉट्स कळत नाही. समथिंग रूड नाही ना?"

मी म्हटलं, "रूड काय असायचंय? नाव आहे. आमच्या घरातल्या माणसाचं."

"ओ, ब्लेसिंगसारखा?"

"तसं म्हण हवं तर. अपूर्वला विचारलंस का?"

"नो नो, त्याला सरप्राइज द्यायचा आहे."

तेव्हा मी म्हटलं, मग घाल की. सगळीकडून घाल. खोटं एक अक्षर बोलले नाही.

अपूर्व, आता पुडा हातात घे. तुला दाखवला नसेल तिने अजून. पाकिटात मी माझाच घातला आहे. किनार वाच. तिला ऐकू जाईल असं वाच.

'कै. डॉ. शशिकांत मोघे यांच्या स्मरणार्थ. श्रीमती सुप्रभा मोघे.'

आश्लेषा, 'कै.' म्हणजे कैलासवासी, वारलेला माणूस. आपल्यात माणूस गेला की त्याच्या नावाने भांडी वाटतात आणि भांड्यावर असं घालून देतात. पुण्याला रविवार पेठेत मी असे सहा डबे करून घेतले. दुकानदाराने डबा गुडघ्यावर धरून यंत्राने ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं, आणि मी ते सहाही बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणले. वर्षश्राद्धाला पाच वाटले. सहावा तुमच्या घरचा होता. तुम्ही आला नाहीत म्हणून माझ्याकडे राहिला. म्हणजे बघ, मी तुला तुझाच डबा दिला.

अठरा तारखेला ईलिंगच्या हॉलमध्ये दिवाळी मेळावा आहे. तीनशे मराठी माणसं येतील आणि प्रत्येकाच्या हातात तू पुडा ठेवणार आहेस. परदेशातला मराठी माणूस मराठी अक्षर दिसलं की आधी ते वाचतो. वाचेल, दचकेल, शेजारच्याला दाखवेल आणि मग मागे उलटून माईची गोष्ट वाचेल. त्यातल्या निम्म्यांनी शशीला पाहिलेलं आहे. पंधरावीस जणांना तरी त्याने भूल दिलेली असेल. मंडळाच्या सेक्रेटरीला, मालविकाला, मी गोड आवाजात सुचवून ठेवलं आहे की उद्घाटनाच्या वेळी पुड्यावरचा मराठी मजकूर अपूर्वनेच स्टेजवरून वाचून दाखवावा. ती खूश झाली.

एवढंच मला करायचं होतं. तुझी फजिती आणि शशीचं नाव, दोन्ही एका पुड्यात. ते झालं की मनातलं काढून टाकायचं, असं ठरवलं होतं. हे पत्रही लिहिणार नव्हते.

पण मंगळवारी पुडा आला आणि मी तो उलटला.

मागच्या मजकुराचं मी मराठी करते, म्हणजे अपूर्वला वाचायला सोपं जाईल. 'शेवटच्या सकाळी माईला काहीच जात नव्हतं. मी तिला बिनकानाच्या निळ्या कपात हा चहा दिला. ती खिडकीकडे तोंड करून उशीला टेकून बसली. दोन घोट घेतले, तळाच्या दाण्यांसाठी चमचा मागितला आणि म्हणाली, वास घरचा आहे.'

तुझी आजी वारली तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. कप कोणाचा, खिडकी कुठली आणि चमचा कोण मागायचं, हे मला विचारायची गरज नाही. तो कप आत्ता माझ्यासमोर आहे.

शशी गेला त्या शुक्रवारी सकाळी तुम्ही दोघं मला म्हणालात, "वहिनी, आता आम्ही बसतो, तुम्ही पडा जरा." मी खाली कोचावर पडले. उठले तेव्हा तू जिन्यात रडत उभी होतीस आणि अपूर्व म्हणाला, "झोपेतच गेला, वहिनी. आम्हालाही कळलं नाही." साडेतीन वर्षं मी त्या वाक्यावर दिवस काढले. तो वर झोपला होता, मी खाली झोपले होते, एकाच घरात, एकाच वेळी. त्यातच मी समाधान मानलं होतं.

तो जागा होता. बसला होता. चहा प्याला, बोलला. माझ्या नवऱ्याचे शेवटचे शब्द मला चहाच्या पुड्यावर वाचायला मिळाले, तेही इंग्रजीत, दुसऱ्याच्या आजीच्या तोंडी.

माझ्यात आणि त्याच्यात तेरा पायऱ्या होत्या. मला कोणी उठवलं नाही.

अपूर्व, हा भाग तुझ्यासाठी आहे, आणि आता माझ्या लक्षात येतं आहे की सगळं पत्रच तुझ्यासाठी होतं. हिने चोरी केली, पण हिला कळलं नसेल कशाची. तुला कळत होतं. माझ्या हातचं जेवून तू शिकलास, कमावता झालास. तुझ्या तापात मी उशाशी बसले. त्या सकाळी काय झालं ते तू मला तुझ्या हाताने, मराठीत लिहून पाठव. फोन केलास तर मी उचलणार नाही.

हे सगळं आधीच का कळवते आहे, असं विचारशील. न सांगता अठराला मजा बघता आली असती. पण तुम्ही माझी झोप फार जपलीत. आता मध्ये दहा-अकरा रात्री आहेत, तुम्ही दोघं कसे झोपता ते बघा.

आशीर्वादाची जागा मोकळीच राहू दे.

सुप्रभा


रीडिंग,
गुरुवार, ९ ऑक्टोबर

ती. वहिनीस,

शिरसाष्टांग नमस्कार.

वीस वर्षांत मराठीत पत्र लिहिलेलं नाही, चुका पोटात घाला. तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. सगळं वाचलं, काही गाळलं नाही. किनार वाचली तेव्हा आश्लेषा आधी हसली, तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यानंतर ती दोन दिवस नीट जेवलेली नाही. "मी दादांचा नाव पॅकवर टाकला? मी?" एवढंच म्हणते आहे. तिची बाजू घ्यायला हे लिहीत नाही.

तुम्ही विचारलंत ते लिहितो.

सातच्या सुमाराला दादा जागा झाला. अगदी स्वच्छ जागा, आवाजही बरा. चहा मागितला. आश्लेषाने केला, पण घाईत उकळतंच पाणी ओतलं. त्याने दोन घोट घेतले आणि म्हणाला, "कडू झालाय. पण वास बरोबर आहे." आम्ही तिघंही हसलो. तळाचे दाणे त्याने चमच्याने खाल्ले. पुड्यावरचं 'वास घरचा आहे' हे आश्लेषाचं आहे. तिला कडू लिहायचं नव्हतं.

मग तो म्हणाला, "सुप्रभाला हाक मार."

मी खाली आलो. दारात उभा राहिलो. तुम्ही चष्मा न काढता झोपला होतात, हातात टॉवेल तसाच होता. तीन रात्रींनंतर तुमचा डोळा लागला होता. मी वर गेलो आणि म्हटलं, "झोपलीय रे. पाच मिनिटांनी उठवतो." तो म्हणाला, "आता."

मी पुन्हा खाली गेलो नाही.

तुमची दया आली म्हणून नाही गेलो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तुम्ही 'वाट बघत होते' हे खरं लिहिलंत, म्हणून मीही खरं लिहितो. मला दादा दोन मिनिटं एकट्याचा हवा होता. बाबा गेल्यावर त्यानेच मला वाढवलं, पण मी तुमच्याकडे आलो तेव्हापासून तो आधी तुमचा होता, मग पेशंटांचा, मग उरला तर माझा. मला वाटलं, तुम्ही वर आलात की तो तुमच्याशीच बोलेल. मला त्याच्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं. काय, ते मलाही माहीत नाही. मी त्याचा हात धरून बसलो. तो माझ्याशी काही बोलला नाही. दाराकडे बघत होता. दहाएक मिनिटांत संपलं.

तुम्हाला कसं सांगणार होतो? तुम्ही जिन्यात आलात आणि तोंडातून 'झोपेतच' निघून गेलं. नंतर मागे घेता आलं नाही. आश्लेषाला मीच गप्प केलं. तिला ते सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून तिने ते माईचं करून सांगितलं असावं, असं मला आता वाटतं.

वहिनी, पुडे छापून झाले आहेत, पण गोडाऊनमध्येच आहेत. तुम्ही म्हणाल तर सगळे नष्ट करतो. मालविकाला सांगून अठराचा कार्यक्रम रद्द करतो. तुम्ही म्हणाल ते. फक्त तीनशे माणसांसमोर ते वाचायला लावू नका. दादाचं नाव वाचताना माझ्याने उभं राहवणार नाही. पाया पडतो.

तुमचा,
अपूर्व


कार्डिफ,
सोमवार, १३ ऑक्टोबर

चि. अपूर्व,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, ओळ उजवीकडे खाली घसरते.

तीन वेळा वाचलं. मग तांदूळ भिजवले, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. दुसऱ्या दिवशी भाजताना हारुकोबाईंनी भिंत ठोकली, तेव्हा कळलं की करपत होते. चाळीस वर्षांच्या स्वयंपाकात माझे तांदूळ करपले नव्हते.

'कडू झालाय, पण वास बरोबर आहे.' हे शशीचंच. पुड्यावरचं ते गुळमुळीत वाक्य वाचताना मला वाटलंच होतं, की हा माणूस मरतानासुद्धा असं बोलायचा नाही. आणि 'आता' म्हणाला. त्याचा हा शब्द माझ्यासाठी होता. तो तू साडेतीन वर्षं खिशात ठेवलास.

तो दाराकडे बघत होता, हे तू लिहायला नको होतंस. की लिहिलंस ते बरं झालं? अजून मला कळलेलं नाही. मला चीड येते ती याची, की तुझ्यावर ओरडायला लागले की मला बावीस वर्षांचा, बॅग घेऊन दारात उभा असलेला तू दिसतोस. म्हणून ओरडत नाही. लिहिते.

क्षमा मागितलेली नाहीस, ते एक बरं केलंस. माझ्याकडे ती नाही.

पुडे नष्ट करायचे नाहीत. शशीचं नाव रद्दीत जायचं नाही. मागची माईची गोष्ट झाकायला काय चिकटवायचं ते आश्लेषाने ठरवावं. ते तिने स्वतःच्या हाताने चिकटवावं, एकेका पुड्यावर, आणि त्यावर कडू हा शब्द असावा. कार्यक्रम रद्द करायचा नाही. स्टेजवर तूच वाचायचंस. नाव वाचून झालं की खाली बसायचं नाही. हा चहा कोणाचा, कोणासाठी केला, आणि त्या सकाळी कोणाला हाक मारायची राहिली, हे तू मला लिहिलंस तसंच सांगायचं. दोन मिनिटांचं काम आहे. उभं राहवणार नाही म्हणतोस. राहवेल. मीही त्या दिवशी तुमच्यासाठी जेवण केलंच होतं.

मी पहिल्या रांगेत बसेन. आश्लेषाला म्हणावं, चहा मी करणार आहे. पाणी ओतायची घाई करायची नाही, ते तिने समोर उभं राहून बघावं. या वेळीही मी एक जिन्नस हातचा राखणार नाही. तिने शिकायचं ते नीट शिकावं.

शुक्रवारी दुपारच्या गाडीने निघते, चारपर्यंत रीडिंगला पोचेन. स्टेशनवर ये. वरची खोली आवरू नका, मी खाली कोचावरच झोपेन. माझी झोप आता हलकी नाही राहिली, गोळी घ्यावी लागते. माझी मी उठेन याची खात्री नाही.

शनिवारी सकाळी सातला मला हाक मार. दारात उभा राहून बघत बसू नकोस.

डब्यावर आहे तीच,
श्रीमती सुप्रभा मोघे